अकरा गाण्यांतली बाई

४ जानेवारी

चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, पण स्वतः दैनंदिनी कधी लिहिली नाही. मुलींना मात्र दर सुट्टीत लिहायला लावायची आणि तपासायचीही. आज लिहायला बसले, कारण घरात बोलायला कुणी नाही. म्हणजे हे आहेत. पण चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवून यांना गप्प राहून बघत बसायची सवय लागली आहे.

सकाळी भाची आली होती. बराच वेळ फोनशी चाळा चालला होता, मग म्हणाली, "मामी, चिडणार नसशील तर एक ऐकवते." आणि खोलीत आमच्या लेकीचा, चिंगीचा आवाज आला. पाच वर्षांनी. माझ्या हातातली बशी मी टेबलावर ठेवली, नाहीतर फुटलीच असती. भाची सांगत होती की चिंगी आता गाणी स्वतः लिहिते, स्वतःच गाते, अकरा गाणी निघाली आहेत आणि लोक ऐकतात. गाणी सगळी ती परदेशात जिथे राहते तिकडच्या भाषेत. मला एक शब्द कळला नाही. पोटच्या पोरीचं बोलणं कळू नये याचं इतकं वाईट वाटलं की भाचीलाच दोन शब्द सुनावले.

हे दारात उभे राहून ऐकत होते. यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. पहिल्यांदा ऐकलेलं गाणं कुणाला पाठ कसं असेल? काहीतरी पुटपुटत असतील झालं.

९ जानेवारी

भाचीकडून अकराही गाण्यांचे शब्द छापून घेतले. गल्लीच्या टोकाला औषधाचं दुकान चालवणारी बाई सात वर्षं तिकडे राहून आली आहे, तिला गाठलं. दुपारी तीन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा शिकवीन म्हणाली. काउंटरच्या मागे एक स्टूल, समोर खोकल्याच्या बाटल्या. शिकून काय करणार, असं तिनं विचारलं. म्हटलं, माझी मुलगी काय म्हणते ते कळायला हवं.

"मग तिलाच विचारा की, काकू."

मी म्हटलं, आधी ही अक्षरं वाचायला शिकवा. औषधवाली हुशार आहे पण जिभेला हाड नाही.

१३ जानेवारी

पद्धत ठरवली. प्रत्येक ओळीला एक कार्ड. वर मूळ ओळ. तिच्या खाली, शब्दाखाली शब्द, आपल्या भाषेतला अर्थ आणि रूप. त्याच्याखाली तिसरी ओळ कोरी. तिथे आपल्याकडे जसं म्हणू तसं अख्खं वाक्य. तिसरी ओळ सगळ्यात शेवटी भरायची, अकराही गाणी संपल्यावर. आधीच अर्थाच्या मागे लागलं की मुलं अंदाजपंचे उत्तरं ठोकतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

औषधवाली म्हणाली की अशानं गाणं कधी कळणार? म्हटलं, घाई कुणाला आहे.

२० जानेवारी

भाषा मजेशीर आहे. क्रियापद वाक्याच्या तोंडाशी, करणारा मागून हळूच येतो. 'बोलली बाई', 'उठले मी', 'झालं घर गप्प'. आपल्याकडे क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबावं लागतं, तिकडे ते आधीच येऊन बसतं. लिंग नाही. गेला, गेली, गेलं सगळ्यांना एकच रूप. आदराचं अनेकवचनही नाही, पण आज्ञा दोन तऱ्हेच्या: एक मऊ, शेवटी विनंतीचा प्रत्यय लावलेली, आणि एक बोडकी.

आणि 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द! नवव्या गाण्यात 'जेवलो' असं आहे. आता ऐकणारा त्या जेवणात धरायचा की वगळायचा? औषधवाली म्हणाली, तिकडे ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. हे मला अजिबात पटलं नाही.

आज कितीतरी दिवसांनी भूक लागली. हे म्हणाले, स्वारी खुशीत दिसते. मी म्हटलं, तिकडच्या आज्ञार्थाबद्दल सांगू का? तर हे खुर्ची ओढून बसले आणि सगळं ऐकलं.

२ फेब्रुवारी

औषधवालीनं आज सरळच विचारलं की मुलगी का बोलत नाही. सांगितलं. पदवीचं शेवटचं वर्ष टाकून गाण्याच्या मागे लागली. मी बोलले, आईनं नाही बोलायचं तर कुणी? एक दिवस शाळेतून आले तर टेबलावर चिठ्ठी, मी जाते म्हणून. एवढ्याशा चिठ्ठीत सहा चुका. हातात पेन होतंच, सवयीनं गोल केले आणि वर बरोबर शब्द लिहिले. संध्याकाळी ती राहिलेली बॅग न्यायला आली तेव्हा चिठ्ठी तशीच टेबलावर होती. तिनं ती पाहिली. काही बोलली नाही. बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतं ना.

औषधवाली बराच वेळ गोळ्यांच्या पट्ट्या ओळीनं लावत राहिली. मी विषय बदलला आणि विचारलं, आमची चिंगी तिकडच्या भाषेत शुद्ध लिहिते का? म्हणाली, चुका आहेत की. "पण काकू, तिकडे तिला कुणी तपासत नाही. म्हणून लिहीत असेल तिकडच्या भाषेत."

तपासायला कुणी नसलं की भाषा बिघडणारच. तिकडे काय शाळा नाहीत?

११ फेब्रुवारी

अकराही गाण्यांच्या कार्डांवरच्या वरच्या दोन ओळी भरून झाल्या. तीनशे बारा कार्डं. आज शब्दांची मोजदाद केली. 'दार' सव्वीसदा. 'आवाज' एकोणीसदा. 'बाबा' तीनदा, तिन्ही वेळा प्रेमानं, एकदा तर 'बाबांचे थंड हात' असं. 'आई' शून्य.

पुन्हा मोजलं. शून्य. त्या भाषेत आईला साधा, सोपा शब्द आहे, पहिल्याच धड्यात येतो. पोरीला तो येत नाही असं नाही. अकरा गाणी लिहिली आणि मी एकातही नाही. नऊ महिने पोटात वाढवली, तिच्या तापात रात्री जागवल्या, आणि मला एक ओळसुद्धा नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले. यांना सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

कार्डं काढली नाहीत.

१७ फेब्रुवारी

आज मात्र काढली, आणि बरं झालं काढली. मी स्वतःच्या दुःखात एक गोष्ट बघायचीच राहिले होते. अकरापैकी आठ गाण्यांत एक 'घरातली बाई' आहे. नाव नाही, नातं नाही. तिच्या तोंडी त्रेचाळीस आज्ञा आहेत आणि त्यातली एकही मऊ नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बोडक्या. सातव्या गाण्यात ती बाई जेवताना काहीतरी विचारत राहते आणि चिंगी घास तोंडात धरून बसते, गिळत नाही. चौथ्यात ती बाई घरी यायच्या वेळेला चिंगी जिन्यात पावलं मोजते.

ती बाई घरमालकीण असणार. किंवा ज्यांच्याकडे ही राहते तिथली कुणी. दुसरं कोण भाडेकरू पोरीला अशी वागवेल? परक्या मुलखात एकटी पोरगी बघून बाईनं तिला वेठीला धरलं आहे. आणि मी इथे 'आई' शब्द मोजत रुसून बसले होते. माझी मला लाज वाटली.

२४ फेब्रुवारी

औषधवालीला सांगितलं. तिच्या हातातली बाटली काउंटरवर जोरात आपटली गेली. मग विचारते, तुम्हाला खरंच काय वाटतं, कोण असेल ही बाई?

"मी सांगितलं ना, घरमालकीण. पुरावा आहे माझ्याकडे."

ती म्हणाली, काकू, आता तिसरी ओळ भरा. जशी तुम्ही घरात बोलता तशी भरा. म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. आधी रूपांचा तक्ता पुरा होऊ दे. तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. आज तासही पुरा घेतला नाही. माणसाला दुसऱ्याच्या पोरीचं काय पडलेलं असतं म्हणा.

१ मार्च

रविवार. हे अकरा वाजता फोन खिशात घालून वाचनालयात गेले. दर रविवारी जातात. रविवारी वाचनालय बंद असतं हे यांना मी शंभरदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तासभर बंद दाराच्या पायरीवर बसून येतात आणि येतात ते हसतमुख. वय झालं.

मी यांना म्हटलं, मला चिंगीचा पत्ता हवा आहे. काही न विचारता यांनी पाकिटातून कागदाची एक घडी काढून दिली. भाचीनं दिला असेल.

५ मार्च

पत्र लिहिलं. सहा वेळा लिहिलं. पहिल्या पत्रात दहा पानं व्याकरण होतं, ते फाडलं. शेवटचं हे. कच्चा मजकूर इथे उतरवून ठेवते.

"चि. चिंगी, तुझी अकराही गाणी मी वाचली. कोशात बघून, एकेक शब्द लावून वाचली. ती बाई तुझी कोण हे तू लिहिलेलं नाहीस, पण ती कशी आहे ते मला कळलं. कुणी तुझ्याशी असं बोलत आलं असेल तर त्यात तुझा काहीही दोष नाही. माणूस म्हणजे वही नव्हे, दिसली चूक की ओढ रेघ. तिला वाटत असेल की ती तुझं भलंच करते. पण भलं करताना एकदा तुझ्या तोंडाकडे बघायला तिला काय झालं होतं? तू घास तोंडात धरून बसायचीस हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. असल्या बाईचं घर सोडलंच पाहिजे, आणि सोडल्याबद्दल मनाला लावून घ्यायचं नाही. ती तुझी माफी मागणार नाही. असल्या बायकांना ते जमत नाही. म्हणून तिच्या वतीनं मी मागते. तुझी आई."

६ मार्च

हे पत्र यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे असे बघायला लागले, जसे लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायचे. म्हणाले, "हे तू लिहिलंस?"

म्हटलं, मग काय, शेजारणीनं? त्या घरमालकिणीला धडा शिकवायलाच हवा होता.

यांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग पायात चपला घातल्या आणि पत्र टाकायला स्वतः गेले, जेवायचं ताट वाढलेलं सोडून.

१४ मार्च

तक्ता पुरा झाला. आज सकाळी तिसरी ओळ भरायला घेतली. औषधवालीचं ऐकायचं ठरवलं: घरात बोलतो तशी. आधी त्रेचाळीस आज्ञा, कारण त्या सोप्या. लिहून झाल्यावर बोलण्याचा ठेका बसतो का बघायला मोठ्यानं वाचल्या.

"चपला ओळीत लाव. सरळ बस. ओठातल्या ओठात बोलू नकोस. परत म्हण. परत म्हण म्हटलं ना."

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "लावल्या गं, मघाशीच लावल्या."

आणि उठून दाराशी गेल्याचा आवाज आला. लावलेल्या चपला पुन्हा नीट करत होते.

पुढचं कार्ड माझ्या हातात होतं. ते वाचता आलं नाही.

१५ मार्च

त्रेचाळीस मी पुन्हा पुन्हा वाचल्या. मनातल्या मनात. एकही माझी नाही असं नाही. 'दार आपटू नकोस, पुन्हा लाव.' 'गाणं नंतर, आधी पाढे.' 'हसतेस काय, चूक कुठे आहे ते सांग.' मी दोन महिने ही वाक्यं उलट्या क्रमानं वाचत बसले, एकेका शब्दाला नंबर दिले, आणि माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेला, मुसळ दिसणार कुठून?

अकरा गाण्यांत मी नाही म्हणून रडले होते. आठांत आहे.

रविवार असून हे आज वाचनालयात गेले नाहीत. मी समोर बसून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, हो. कधीपासून? म्हणाले, ती गाणी लिहीत होती तेव्हापासून, दर रविवारी फोनवर म्हणून दाखवायची, अर्थही सांगायची. पाच वर्षं माझ्या पाठीमागे बाप-लेक बोलत होते. मी विचारलं, मग पत्र का टाकलंत? मला काही कळलेलं नाही हे दिसत होतं ना तुम्हाला?

"दिसत होतं. पण तिनं ते वाचावं असं वाटलं."

मला इतका राग आला की मी गच्चीत जाऊन उभी राहिले. राग यांचा नव्हता, हे गच्चीत कळलं.

१९ मार्च

चिंगीचा फोन आला. माझ्या नंबरवर. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी.

आधी नुसती रडली. मग म्हणाली, "आई, मला वाटलं होतं तू गाणी ऐकलीस तर चुका काढशील. तू असं लिहिशील असं कधी वाटलं नव्हतं. 'तिच्या वतीनं मी मागते' हे मी किती वेळा वाचलं असेल. तुला सगळं कळलं गं."

मी "हो" म्हणाले. एवढंच. ती पुढच्या महिन्यात यायचं बघते म्हणाली. काय आणू विचारलं. मी म्हटलं, काही नको, तू ये.

फोन ठेवल्यावर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. आनंदानं म्हणू की चोरी पकडली जाईल या भीतीनं, मला सांगता येत नाही. दोन्ही होतं.

२० मार्च

औषधवालीकडे गेले. सगळं सांगितलं. तिला धक्का बसला नाही. म्हणाली की तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं, पण माझ्या तोंडावर कसं म्हणणार? मग हळूच म्हणाली, राहू द्या ना काकू, मुलगी परत येतेय, शेवट गोड झाला.

मी तिला सांगितलं की वर्गात एक मुलगी होती, गणित चुकीच्या रीतीनं सोडवायची आणि उत्तर मात्र बरोबर यायचं. मी तिला शून्य द्यायची. औषधवाली म्हणाली, द्यायला नको होतं.

असेल. पण त्या मुलीला निदान ठाऊक होतं की शून्य का मिळालं. इथे चिंगीला ठाऊकच नाही की तिच्या आईला काही कळलं नव्हतं.

२२ मार्च

हे आज हात जोडायच्या बेतात आले. म्हणाले, "आयुष्यभर कुणाची एक चूक तू सोडली नाहीस. एवढी एक राहू दे. पोर सुखात आहे."

मी म्हटलं, आणि ती इथे आल्यावर? ती समोर बसेल, माझ्याकडे बघेल, तेव्हा ती कुणाकडे बघत असेल? तिची गाणी ऐकून ती बाई कोण हे ओळखलेल्या आईकडे. ती आई या घरात नाही. मी आहे. पाच वर्षांनी मुलगी यायची आणि तिनं भेटायचं भलत्याच बाईला.

हे म्हणाले, आणि खरं ऐकून ती आलीच नाही तर?

ती येऊ नये एवढं सोडून दुसरं काहीही चालेल मला. कच्चं पत्र काढून वाचत बसले.

२३ मार्च

सकाळी हे दूध आणायला गेले तेव्हा चिंगीला फोन लावला. यांच्यासमोर जमलं नसतं.

ती आनंदात होती. मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक. पत्र लिहिलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. ती बाई म्हणजे तुझी तिकडची कुणी घरमालकीण, असं मला वाटलं होतं.

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"घरमालकीण," ती म्हणाली.

"हो."

"मग कळलं कधी?"

सांगितलं. वाक्यं मोठ्यानं वाचली आणि बाबा उठून चपला लावायला गेले, तेव्हा. ती हसेल असं मला क्षणभर वाटलं, पण हसली नाही.

"म्हणजे ती माफी," ती म्हणाली, "ती तू मागितलीच नव्हतीस."

"दुसऱ्याच बाईच्या वतीनं मागितली होती. ती तशी चालणार नाही, म्हणून फोन केला." मग म्हटलं, "पत्राचा कच्चा मजकूर माझ्याकडे आहे. ती बाई कोण हे कळल्यावर काल तो चार वेळा वाचला. त्यातलं एकही वाक्य मला बदलायचं नाही."

मला पुढे खूप काही सुचत होतं, का वागले, कशी वागले, तुझ्याच भल्यासाठी वगैरे. ते मी बोलले नाही. हे दूध घेऊन आले, मला बघून दारातच थांबले, मग पाऊल न वाजवता आत गेले. दूध तापवून झालं, चहा झाला, माझा कप माझ्यासमोर आला आणि निवला.

तिनं फोन ठेवला नव्हता.